साऊंड क्लॅशमध्ये उतरायचे आहे? या चुका टाळा

2016 मध्ये सुरू झालेल्या गोवा सनस्प्लॅश या महोत्सवामुळे आपल्याकडच्या अनेकांनी रेगे या जमैकन संगीताची साऊंड सिस्टीम, म्हणजे मोठमोठ्या स्पीकरच्या बॉक्सांवर रेकॉर्ड वाजवणारा संच, पहिल्यांदा जवळून ऐकली आणि त्यांतल्या काहींना स्वतःचे बॉक्स बांधून साऊंड क्लॅशमध्ये, म्हणजे असे संच चालवणाऱ्या गटांच्या (त्यांना ‘साऊंड’ म्हणतात) आपसातल्या गाण्यांच्या सामन्यात, उतरण्याची इच्छा झाली. ही इच्छा फार चांगली आहे. मात्र तयारीत त्याच त्या चुका होताना दिसतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकाच गैरसमजात असते, तो म्हणजे क्लॅश हा आवाजाचा सामना आहे. क्लॅश हा उत्तराचा सामना आहे.

आवाजाच्या जोरावर विसंबणे

1950च्या दशकात जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, ही चढाओढ रंगू लागली, तेव्हा प्रत्येक साऊंड आपापले बॉक्स घेऊन समोरासमोर उभा राहत असे आणि ताकदवान मशीनला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला, नक्कीच किंमत होती. तरीही ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड या तिथल्या दोन साऊंडच्या मालकांतली खरी चुरस रेकॉर्डचीच होती. अमेरिकेतून आणलेली दुर्मीळ रेकॉर्ड दुसऱ्याला ओळखता येऊ नये म्हणून तिच्यावरचे लेबल खरवडून टाकायचे, अशी तेव्हाची रीत होती. सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सन यांची एक धून कॉक्सन यांनी याच रीतीने ‘कॉक्सन हॉप’ या नावाने आपलीशी केली होती. आजच्या मोठ्या क्लॅशमध्ये तर बहुधा सर्व साऊंड एकाच सिस्टीमवर वाजवतात, त्यामुळे आवाजाचा प्रश्नच उरत नाही. 1999 मध्ये न्यूयॉर्कचा वर्ल्ड क्लॅश जपानमधल्या योकोहामाच्या मायटी क्राऊन या साऊंडने जिंकला तो डबप्लेटच्या (खास आपल्या साऊंडसाठी करून घेतलेल्या गाण्यांच्या) निवडीवर आणि त्या मांडण्याच्या हातोटीवर.

कोकणातली भजनाची डबलबारी ज्यांनी रात्रभर जागून ऐकली आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. समोरच्या बुवांनी काय म्हटले हे न ऐकता आपलेच घोडे पुढे दामटणाऱ्याकडे रसिक पाठ फिरवतात. क्लॅशमध्येही प्रतिस्पर्ध्याने स्वतःला राजा म्हणवणारे गाणे लावले, तर राजाचे सिंहासन डळमळवणारे गाणे तुमच्या हाताशी असायला हवे, आणि ते लगेच, लोकांच्या कानांत आधीचे गाणे ताजे असतानाच लागायला हवे.

वाजलेले गाणे पुन्हा लावणे

बहुतेक क्लॅशमध्ये त्या रात्री कोणत्याही साऊंडने एकदा वाजवलेले गाणे दुसऱ्याने लावले, तर ती मोठी चूक धरली जाते आणि काही ठिकाणी त्यावरून थेट बाद केले जाते. गोंगाटात आणि उत्साहात हे लक्षात ठेवणे अशक्य असते, म्हणून गटातल्या एका माणसाने वही घेऊन बसावे, प्रत्येक गाणे वाजताच लिहावे आणि आपल्या यादीतून ते खोडावे. त्या माणसाला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

सगळा दारूगोळा आधीच संपवणे

नवख्यांचे सर्वाधिक नुकसान इथे होते. सुरुवातीच्या फेरीत लोकांना नाचवायचे असते, मधल्या फेऱ्यांत बाद होण्याचे सावट असते आणि अखेरीस डब फाय डब येते, म्हणजे एक गाणे तुमचे, एक त्यांचे, आणि प्रत्येक जोडीनंतर गर्दीचा कौल. पहिल्या फेरीत टाळ्या मिळतात म्हणून उत्तमोत्तम डबप्लेट उधळल्या, तर शेवटी हातात फक्त सर्वांना ठाऊक असलेली साधी गाणी उरतात. माझ्या मते संग्रहातला किमान एक तृतीयांश भाग शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवावा आणि मधल्या फेरीत संकट आले, तरी त्याला हात लावताना दहादा विचार करावा.

डबप्लेट करून घेताना घाई करणे

डबप्लेट म्हणजे मुळात अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा लेप देऊन कापलेली एकुलती एक रेकॉर्ड. काही डझन वेळा वाजली की तिची धार जाते. आता बहुतेक जण फाइल वापरतात, पण तत्त्व तेच आहे. गायक आपले प्रसिद्ध गाणे तुमच्या साऊंडचे नाव गुंफून पुन्हा गातो. केवळ नाव घालून घेणे पुरेसे नसते. त्या नावासह येणारी ओळ गाण्याच्या चालीत आणि अर्थात बसली पाहिजे, नाहीतर ती ठिगळासारखी वाटते. प्रतिस्पर्ध्याचे नाव घालून केलेली डबप्लेट त्याच्यावर जबर वार करते, पण ती इतर कोणाविरुद्ध चालत नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. दुसऱ्याच कोणाकडून गायकाच्या आवाजाची नक्कल करवून घेतलेल्या बनावट डबप्लेटपासून तर कटाक्षाने दूर राहावे. ती उघडकीस आली की साऊंडची पत जाते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी ध्वनिमुद्रित केलेल्या डबप्लेटची पातळी सारखी नसते. एक खणखणीत आणि पुढची दबकी निघाली, तर उत्तर कितीही मार्मिक असो, ते पडलेलेच वाटते. म्हणून सर्व फाइलींची पातळी घरीच जुळवून घ्यावी.

माइकवर रेंगाळणे

गाणे लावण्याआधी ते कोणाला आणि का लावत आहोत, हे दोन वाक्यांत सांगावे. बोलण्यात गेलेला वेळ तुमच्याच फेरीतून वजा होतो. टोमणा साऊंडला मारावा, कोणाच्या जातीला, देहाला किंवा लैंगिकतेला नव्हे; डान्सहॉल या रेगेतून निघालेल्या गाण्यांच्या प्रकारातल्या समलिंगींविषयीच्या द्वेषाच्या ओळींनी या संस्कृतीचे पुष्कळ नुकसान केले आहे आणि ते आपण पुढे चालवण्याचे काहीच कारण नाही.

बेस गेला कुठे?

मागे गोव्यातल्या एका छोट्या सभागृहात आम्ही अठरा इंची स्पीकरचे चार बॉक्स एकावर एक रचले आणि बेस मात्र पत्र्याच्या डब्यासारखा येऊ लागला. आवाज वाढवून पाहिला, मिक्सरवर बेसचे बटण फिरवून पाहिले, काहीच उपयोग झाला नाही. शेवटी एका मित्राने एक बॉक्स बंद केला आणि काय आश्चर्य, बेस उसळून आला. त्या बॉक्सच्या आतल्या प्लस-मायनसच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. इतर स्पीकरचे कोन (समोरचे हलणारे पडदे) पुढे सरकत तेव्हा त्याचा कोन मागे जाई आणि हवेतला दाब तिथल्या तिथे विरून जाई. याची तपासणी सोपी आहे. बॉक्स मशीनपासून सोडवावा, नऊ व्होल्टची बॅटरी त्याच्या तारांना क्षणभर टेकवावी. प्लसला प्लस असताना कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर तारा बदलाव्यात. आता आम्ही प्रत्येक कार्यक्रमाआधी प्रत्येक बॉक्स असाच तपासतो.

टर्नटेबल वापरत असाल आणि हळूहळू वाढत जाणारी गुरगुर ऐकू आली, तर सुई उचलून पाहावी. सुई उचलताच ती थांबली, तर बेसची कंपने सुईमार्फत पुन्हा मशीनमध्ये जात आहेत असे समजावे. टर्नटेबल बॉक्सपासून दूर न्यावे आणि जाड फरशीखाली फोम घालून त्यावर ठेवावे. सुई उचलूनही घरघर चालूच राहिली, तर आधी अर्थिंगची तार पाहावी.

मिक्सरवर लाल दिवे सतत पेटत असतील, तर वरच्या पट्टीच्या स्पीकरची कॉइल जळण्याची वाट पाहू नये, पातळी तत्काळ खाली आणावी. बेसच्या प्रत्येक ठोक्याला मांडवातले दिवे मंदावत असतील, तर दोष मशीनचा नसून जनरेटर अपुरा पडत आहे. तो भाड्याने घेताना मशीनच्या एकूण गरजेपेक्षा बराच मोठा सांगावा आणि पूर्ण आवाजात वाजवून मल्टीमीटरने व्होल्टेज मोजावे.

शेवटी परवानगी. आपल्याकडे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यामुळे किंग्स्टनप्रमाणे पहाटेपर्यंतचे वेळापत्रक आखून चालणार नाही. खुल्या मैदानात करायचे असल्यास दुपारी चारला पहिली फेरी सुरू करावी आणि डब फाय डब साडेआठला लावावी, म्हणजे शेवटच्या गाण्यानंतर कौल घ्यायलाही सवड राहते.