या चुका टाळा : मेंदूतली रसायनं आणि त्यांच्यावरची औषधं

'डोपामिन हे आनंदाचं रसायन आहे.' हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांत वाचलंय की हल्ली पुढचं न वाचताच लाल रेघ ओढावीशी वाटते. सेरोटोनिन शांततेचं, ऑक्सिटोसिन प्रेमाचं, ही यादी कुठल्या तरी रंगीत तक्त्यावरून पाठ झालेली असते. नवं शिकवता येतं, पण पाठ झालेलं पुसताना दमछाक होते.

एकदा तोंडी परीक्षेत विचारलं, "पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडतं. मग रुग्णाला काय होतं?"

"सर, तो दुःखी होतो."

"आणि हात का थरथरतात?"

शांतता. नैराश्य त्या आजारात अनेकांना येतंही, पण या पोराने ते तक्त्यावरून उचललं होतं. त्याच्या हिशेबाने लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणारी, गोळी घेतल्यावर रुग्ण खदखदून हसायला हवा. प्रत्यक्षात मेंदूच्या सब्स्टान्शिया नायग्रा या भागातून हालचाल सांभाळणाऱ्या स्ट्रायटम या भागाकडे जाणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि हालचाल सुरू करणंच जड होतं. तेच डोपामिन दुसऱ्या वाटेवर 'हवंय, हवंय' अशी ओढ लावतं. आनंद मात्र बराचसा वेगळा मामला आहे. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगांत डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर अन्नाकडे वळत नसत, पण तोंडात गोड पडलं की आवडीने जिभल्या चाटत. दुसरे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांत पाहिलं, की अवचित रस मिळाला तर डोपामिनच्या पेशी उसळतात. इशाऱ्यानंतर रस येतो हे माकड शिकलं की पेशी इशाऱ्यालाच उसळतात. आणि इशारा होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या वेळी त्या गप्प होतात. पार्किन्सनसाठी प्रामिपेक्सोल हे डोपामिनची नक्कल करणारं औषध घेणारे काही जण अचानक जुगाराच्या नादी लागतात, तेही या ओढीमुळेच.

म्हणून माझी एक सवय आहे. वहीत नुसतं रसायनाचं नाव दिसलं की मी ते खोडतो. कुठून कुठे जातं, कोणत्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याला ओळखणाऱ्या जागेवर, बसतं, हे लिहा, मग बोलू. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलेलं रसायन, म्हणजे अॅसिटिलकोलिन, हृदयाचे ठोके मंद करतं आणि हातापायांचे स्नायू आकुंचित करतं. रसायन एकच, रिसेप्टर वेगळे. तक्त्यात याला कुठला रंग देणार?

दुसरी चूक मात्र मार्कांपुरती राहत नाही. माझा एक विद्यार्थी नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन ही सेरोटोनिन पेशींबाहेर जास्त वेळ टिकवणारी गोळी घेत होता. बरं वाटू लागलं, दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि गोळी एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. माझ्याकडे आला तेव्हा त्याची खात्री होती, की आजार उलटलाय किंवा आपण 'व्यसनी' झालोय. दोन्ही नव्हतं. महिनोन्‌महिने जास्त सेरोटोनिनशी जुळवून घेतलेल्या मेंदूखालची चटई त्याने एकदम ओढली होती. पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर जातं, म्हणून हा त्रास जास्त. त्याच जातीचं फ्लुओक्सेटिन बरंच रेंगाळतं, त्यामुळे तिथे कमी. त्याच्या डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली आणि डोस हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरवला.

याच्या उलट टोकाचे उतावळेही भेटतात. पाचव्या दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून गोळ्या फेकतात. या गोळ्यांनी सेरोटोनिन पेशींत परत शोषलं जाणं काही तासांतच अडतं, पण मन सावरायला दोन ते चार आठवडे किंवा अधिकही लागतात. नुसतं 'कमी पडलेलं सेरोटोनिन भरलं' एवढंच असतं, तर त्याच संध्याकाळी बरं वाटलं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

शरीरातलं साधारण ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. 'हे खा, सेरोटोनिन वाढवा' म्हणणाऱ्यांना हे सांगा.

'डोपामिन डिटॉक्स', म्हणजे फोन-करमणूक सोडून डोपामिन 'धुऊन काढणं', हा शब्द माझ्या वर्गात बंद. फोन बाजूला ठेवायचाय? ठेवा. डोपामिन काही विष नव्हे.

कॅफिन ऊर्जा देत नाही. थकव्याची खबर देणाऱ्या अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, इतकंच. त्यातलं निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री झोप न येण्याचं खापर ताणावर फोडण्याआधी शेवटचा कप कधी घेतला ते आठवा.

दारूने माणूस बडबडतो म्हणून ती उत्तेजक ठरत नाही. ती गाबाचा, म्हणजे पेशींना आवरणाऱ्या रसायनाचा, लगाम घट्ट करते आणि पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते, पहिल्यांदा झोपतो तो संकोच. त्यावर झोपेची गोळी घेतली तर श्वासही मंदावू शकतो. आणि वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला 'आजपासून एक थेंबही नाही' म्हणून घरात कोंडू नका. लगाम सुटलेल्या मेंदूला फिट्स येऊ शकतात, बहुधा पहिल्या ६ ते ४८ तासांत. अशी दारू दवाखान्यातच सोडवायची.