वृक्षबोआचा पिंजरा: सुरुवात फांदीपासून

वृक्षबोआ पाळायचे ठरले की बहुतेक जण आधी काचेची पेटी घेऊन येतात आणि मग तिच्यात फांद्या कुठे बसवाव्यात याचा विचार करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनातला हा साप दिवसभर एकाच फांदीवर वेटोळे घालून बसतो आणि अंधार पडला की शेपटीची पकड तशीच ठेवून, डोके खाली सोडून भक्ष्याची वाट पाहतो. म्हणून आधी फांदी ठरवावी आणि तिच्या मापाने पिंजरा करावा.

फांदी आडवी असावी आणि तिची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी. एकाच उंचीवर दोन फांद्या ठेवण्यात अर्थ नाही. एक वर उबेजवळ आणि एक खाली गारव्यात असली, तर साप स्वतःच जागा निवडतो. त्या एकीखाली एक येऊ देऊ नयेत, नाहीतर वरची विष्ठा खालच्या फांदीवर पडते. फांदी पक्की ठोकून टाकण्याची चूक मी पहिल्या पिंजऱ्यात केली आणि सफाईच्या प्रत्येक वेळी सापाला वेटोळ्यांतून सोडवत बसलो. ओढाताणीत सापाच्या मणक्याला इजा होऊ शकते. दोन्ही बाजूंना खाचा असलेले आधार लावले, की सापासकट फांदीच उचलून बाहेर घेता येते.

वृक्षबोआंपैकी हिरवा एमराल्ड बोआ साधारण दीड ते पावणेदोन मीटरपर्यंत वाढतो. २००९ मध्ये त्याच्या दोन जाती मानल्या गेल्या, एक गयाना पठाराकडची आणि दुसरी अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली. पिंजऱ्याच्या दृष्टीने मात्र फार फरक पडत नाही. पूर्ण वाढलेल्या सापाला ९० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर खोल आणि ६० ते ९० सेंटीमीटर उंच जागा पुरते. दार समोरून उघडणारे घ्यावे, कारण वरून येणाऱ्या हाताला साप हमखास बिचकतो. अ‍ॅमेझॉन वृक्षबोआ ही एमराल्डहून वेगळी जात तर चावण्यासाठी प्रसिद्धच आहे.

ऊब वरून द्यावी. छताला लावायचे हीट पॅनेल सर्वांत सोयीचे. सिरॅमिक हीटर वापरल्यास त्याला जाळी हवीच, कारण साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. दोन्हींना थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप आटोक्यात ठेवणारे उपकरण, अनिवार्य आहे. वरच्या फांदीवर २९ ते ३० अंश सेल्सियस आणि खालच्या फांदीवर २५ ते २६ अंश असावे, रात्री २२ ते २४ अंशांपर्यंत उतरले तरी चालते. तापमान तळाशी न मोजता साप जिथे बसतो तिथे मोजावे.

सर्वाधिक गोंधळ दमटपणाबाबत होतो. वर्षावनातला साप म्हणून पिंजरा सतत ओला ठेवला जातो, जाळीचे झाकण प्लास्टिकने बंद केले जाते आणि काही आठवड्यांत सापाच्या पोटावर फोड दिसू लागतात, किंवा तो तोंड उघडून श्वास घेऊ लागतो. जंगलात पाऊस पडतो तसा वाराही वाहतो. संध्याकाळी दिवे मालवण्याच्या सुमारास भरपूर फवारणी करावी, आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांपर्यंत चढू द्यावी आणि दुसऱ्या दुपारपर्यंत फांद्या व पाने कोरडी होऊन आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास यावी, इतकी हवा खेळती ठेवावी. उलट पिंजरा फार कोरडा राहिला, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. फवारणीनंतर थोडा वेळ थांबून पाहावे: वेटोळ्यांच्या घडीत साचलेले पाणी साप हळूच डोके वळवून स्वतःच्या अंगावरूनच पितो. पाण्याचे भांडे तरीही ठेवावेच, आणि ते रोज धुवावे.

तळाला साधा कागद पुरतो. विष्ठा लगेच दिसते आणि कागद क्षणात बदलता येतो. एमराल्ड बोआ कित्येक आठवडे विष्ठा टाकत नाही, त्यामुळे ती कधी पडली याची नोंद ठेवणे उपयोगी ठरते. आडोशासाठी कुंडीतला मनीप्लांट चालतो, कृत्रिम पानेही चालतात. एका पिंजऱ्यात एकच साप ठेवावा, आणि पिल्लासाठी आधी लहान पेटी घ्यावी.

साप आणण्यापूर्वी पिंजरा किमान आठवडाभर रिकामाच चालवून पाहावा आणि सकाळ, दुपार व रात्रीचे आकडे लिहून काढावेत. साप आल्यावर पहिला आठवडाभर त्याला हात लावू नये आणि खायलाही देऊ नये.