सुरुवातीलाच रांगणारा तरंगांचा कोड: माझा अनुभव

भूकंपतरंग जमिनीत कसे पसरतात ते पायरीपायरीने मोजणारा माझा द्विमितीय कोड होता. स्टॅगर्ड ग्रिड (वेग आणि ताण अर्ध्या घराच्या अंतराने मांडलेली जाळी) 1986 च्या विरियू पद्धतीतलाच, फक्त अवकाशातली अचूकता चौथ्या क्रमाची. जाळी 5 मीटर, कमाल वेग 4000 मीटर प्रति सेकंद, टाइमस्टेप, म्हणजे एका पायरीचा काळ, 0.0005 सेकंद. स्थिरतेची अट आरामात पाळली जात होती, उत्तरंही बरोबर. फक्त कोड चालण्याचा वेग विचित्र. पहिल्या थोड्या पायऱ्या झपाट्याने, मग काही शे पायऱ्या रखडत, आणि तरंग सगळीकडे पोहोचला की गाडी पुन्हा सुसाट.

आधी मी कॅशेवर (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीवर) संशय घेतला, लूपचा क्रम उलटापालटा केला. दोन दिवस फुकट.

खरी गोम तरंगाच्या पुढे होती. खरा तरंग एका पायरीत जेमतेम 0.4 घर सरकतो, पण स्टेन्सिल (शेजारच्या घरांवरून नवी किंमत काढणारं सूत्र) त्याच्या कितीतरी पुढे क्षुल्लक आकडे सांडत जातो. एका घरातली किंमत छापून पाहिली: 10⁻⁴¹ च्या आसपास. सिंगल प्रिसिजनमध्ये (32 बिटांच्या आकड्यांत) साधारण 1.2×10⁻³⁸ च्या खालचे आकडे ‘डीनॉर्मल’, आणि त्यांच्यावरची आकडेमोड बऱ्याच प्रोसेसरवर फार महाग पडते. निव्वळ शून्य मात्र स्वस्त, म्हणून सुरुवात झपाट्याची.

असे आकडे थेट शून्य करणारी फ्लश-टू-झीरो सेटिंग चालू केली, तरी फरक नगण्य! ही सेटिंग प्रत्येक थ्रेडची (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याची) स्वतंत्र असते, आणि मी ती थ्रेड सुरू झाल्यावर फक्त मुख्य थ्रेडमध्ये लावली होती. पॅरलल ब्लॉकच्या आत, प्रत्येक थ्रेडमध्ये लावली आणि रखडणं संपलं. यावर उपाय म्हणून स्रोताची तीव्रता वाढवून पाहू नका. डीनॉर्मल आकड्यांचा पट्टा नुसता पुढे सरकतो.

बदलाआधीचे आणि नंतरचे सिस्मोग्राम (कंपनांचे आलेख) एकावर एक ठेवले. रेषा एकच दिसली.