पंधरा वर्षांच्या दाखल्यासाठी अर्ज करण्यापूर्वी

गोवा सरकारच्या नोकरीची जाहिरात आली की पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आधी शोधावा लागतो. तो मामलेदार कार्यालयातून मिळतो. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा अर्जातील आणि जन्मदाखल्यातील आडनाव जुळत नाही म्हणून मला परत पाठवले. दुसऱ्या खेपेला शाळेच्या कागदांत दोन वर्षांचा खंड निघाला. जन्मापासून याच गावात वाढलेल्या मुलीला आपण इथलेच आहोत हे कागदाने सिद्ध करावे लागते, याचा मनस्ताप मी विसरलेले नाही. म्हणूनच, अर्जाला हात लावण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेवा आणि घरातील सगळे कागद जमिनीवर पसरून बसा.

सर्वांत आधी नावे तपासा. देवनागरीत 'नाईक' एकच असले तरी रोमी अक्षरांत आजोबांच्या पोर्तुगीज काळातील कागदावर शेवटी 'क्यू-यू-ई' असते आणि तुमच्या आधारकार्डावर 'के' असते. त्यामुळे जन्मदाखला, आधारकार्ड, शाळेचा दाखला आणि आईवडिलांची मतदार ओळखपत्रे शेजारी ठेवून प्रत्येक नाव अक्षर-अक्षर लावून वाचा. फरक आजोबांच्या कागदात असेल तर तो कागद बदलण्याच्या खटपटीत पडू नका. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र चालेल का, एवढे आधी खिडकीवर विचारा. फरक तुमच्याच कागदांत असेल तर मात्र जन्मदाखला प्रमाण मानून बाकीचे कागद दुरुस्त करून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आज प्रतिज्ञापत्रावर भागले तरी पासपोर्टच्या वेळी तीच अडचण पुन्हा उभी राहते. जन्मदाखल्यातच चूक असेल तर नोंदणी जिथे झाली त्या कार्यालयात जावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्या.

नंतर वर्षांची साखळी जुळवा. एका कोऱ्या कागदावर पहिलीपासूनची वर्षे एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर शाळेचे नाव लिहा, म्हणजे कोणत्या शाळेचे बोनाफाईड कमी आहे ते लगेच कळेल. माझ्या बाबतीत चौथीनंतर शाळा बदलली होती आणि जुन्या शाळेचा कागद मी घेतलाच नव्हता.

खिडकीवर गेल्यावर सगळ्या त्रुटी एकदम सांगण्याची नम्रपणे पण ठामपणे विनंती करा, आणि शक्य असल्यास त्या लिहून मागा. इंग्रजी जमत नसेल तर संकोच नको. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही वाव दिला आहे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नागरिकांना ठरावीक मुदतीत सेवा मिळावी म्हणून गोव्यात २०१३ चा कायदा आहे, पण मुदत उलटली हे दाखवायला तारीख घातलेली पोचच हाताशी असावी लागते.