डायलिसिस पेशंटचं पीटीएच चुकीचं येतंय? या चुका टाळा

औषधं तीच, पथ्य तेच आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) मात्र एकदम खाली आलं, तर डोसला हात लावायच्या आधी विचारा की रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं आणि मशीनवर चढेपर्यंत किती तास पडून होतं.

खरा घोळ इथेच असतो. पीटीएच म्हणजे ८४ अमिनो ॲसिडची साखळी, आणि रक्त काढल्यावरही त्यातली एन्झाइम्स ती तोडतच राहतात. सकाळच्या शिफ्टला साध्या जेल ट्यूबमध्ये रक्त घेतलं, रॅकला लावलं आणि नेणारा संध्याकाळी आला की आकडा घसरलेला असतो, खोली गरम असेल तर बघायलाच नको. म्हणून जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब घ्या, ईडीटीए कॅल्शियमसारखे धातू बांधून ठेवतं त्यामुळे बरीचशी एन्झाइम्स थंड पडतात आणि रूम टेंपरेचरलासुद्धा साधारण २४ तास निभावतं. लॅबला सिरमच हवं असेल तर गुठळी झाल्या झाल्या सेंट्रिफ्यूज करा, सिरम वेगळं काढा, फ्रिजमध्ये ठेवा.

आणि प्लीज, त्याच जांभळ्या ट्यूबमधून कॅल्शियम-पोटॅशियम लावू नका! कॅल्शियम खोटं कमी येतं, पोटॅशियम खोटं जास्त, आणि डायलिसिसच्या माणसाचं पोटॅशियम जास्त दिसलं की केवढी धावपळ होते ते सांगायला नको. आधी साधी ट्यूब भरा, मग जांभळी, आणि एकीतलं रक्त दुसरीत ओतायचं नाही.

सँपल डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच घ्या. डायलिसेटमधलं (डायलिसिस मशीनमधल्या द्रावणातलं) कॅल्शियम रक्तात चढलं की पीटीएच काही मिनिटांत दबतं.

केस-नखांसाठीच्या गोळ्यांमधलं बायोटिनही बघा, किडनी चालत नसेल तर ते शरीरात साठतं आणि लॅबच्या काही टेस्ट किटवर पीटीएच खोटं कमी दाखवतं. गोळी चालू असेल तर फॉर्मवर लिहा, बंद कधी करायची ते डॉक्टर सांगतील.

दर वेळी लॅब बदलणं तर टाळाच. किडनी फेल असताना पीटीएचचे तुकडे रक्तात साचतात, कुठलं किट ते जास्त मोजतं, कुठलं कमी, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या गाइडलाइनमध्येही ठरावीक आकडा नाही, त्या किटच्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या साधारण २ ते ९ पट असं दिलंय. लॅब बदलावीच लागली तर किटचं नाव रिपोर्टवर लिहून मागा.