घर तापतं ते नकाशात चुकल्यामुळे: या चुका टाळा

घर तापलं की लोक एसी मोठा घेतात. खरं तर ऊन भिंतीबाहेरच अडवायचं असतं. एकदा आत शिरलेली उष्णता बाहेर काढायला बहुधा वीजच लागते.

पहिली चूक, चारही बाजूंना सरसकट ६० सेंमीचा छज्जा. सूर्य खिडकीसमोर क्षितिजापासून ६० अंशांवर असेल तर छज्ज्याची सावली सुमारे १०४ सेंमी खाली येते. पश्चिमेला दुपार कलल्यावर सूर्य ३० अंशांवर येतो, तेव्हा सावली जेमतेम ३५ सेंमी. १२० सेंमी उंचीच्या खिडकीचा बाकी भाग उन्हातच. छज्जा लांबवून हे सुटत नाही. पश्चिमेची खिडकी लहान ठेवा आणि बाहेरून उभी फिरती पाती किंवा जाळी लावा. आतल्या पडद्याने उजेड तेवढा कमी होतो. पडदा स्वतः तापतो आणि खोली तापवतो.

दुहेरी साध्या काचेचीही हीच गत. ती आतली-बाहेरची हवा वेगळी राखते, पण थेट ऊन बरंचसं आत सोडते. काच घेताना सौर उष्णता गुणांक (एसएचजीसी), म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा किती हिस्सा आत येतो, ते विचारा. उष्ण हवेत ०.३ च्या आसपास बरा.

सगळ्यात महागात पडते ती स्लॅबची चूक. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, खाली फॉल्स सीलिंगमध्ये भरलं की खोली थोडी निवते, स्लॅब मात्र भाजतच राहतो. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने साधारण ३ मिमी वाढतो आणि रात्री आखडतो. रोजच्या या ओढाताणीत भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग पडते, मग तिथूनच गळती. म्हणून इन्सुलेशन वर घाला. क्रम असा: १०० ला १ उतार, वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिमी एक्सपीएस (पाणी न धरणारा घट्ट फोमचा तक्ता), जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), वर फरशी. एक्सपीएसऐवजी साधा थर्माकोल घालू नका, तो पाणी धरतो आणि ओला झाला की निकामी. फरशी शक्यतो पांढरी. काळवंडली की परिणाम घटतो, तेव्हा धुणं आलंच.

खिडकी मोठी असूनही वारा येत नसेल तर समोरच्या बाजूला वाट आहे का ते बघा. दार बंद करून झोपायची खोली असेल तर दारावर झडप ठेवा. नुसत्या येण्याच्या वाटेने हवा खेळत नाही.