एंटर दाबला की फॉर्म का जातो?

"एंटर दाबला की अर्धवट फॉर्म सेव्ह होतो, ते बंद करा." वेब डेव्हलपमेंटमध्ये नवीन असाल तर ही तक्रार तुमच्याकडे येणारच. माझ्याकडे ती औषध दुकानाच्या स्टॉक एंट्रीच्या स्क्रीनवरून आली. बारकोड स्कॅनर हा ब्राउझरच्या लेखी साधा कीबोर्ड असतो, आणि बरेच स्कॅनर कोड टाइप करून शेवटी स्वतःच एंटर देतात. गोळ्यांचं पाकीट स्कॅन केलं, की बॅच नंबर आणि एक्स्पायरी टाकायच्या आतच फॉर्म गेलेला!

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे अख्ख्या फॉर्मवर कीडाउन (कळ दाबली की ब्राउझर देतो तो इव्हेंट, म्हणजे सूचना) पकडून एंटर निकामी करून टाकायचा. कृपा करून हे करू नका. टेक्स्टएरियात (अनेक ओळींच्या फील्डमध्ये) नवी ओळ येत नाही, बटणावर फोकस असतानाही, म्हणजे कीबोर्डने ते बटण निवडलेलं असतानाही, एंटर चालत नाही, आणि माउस न वापरणाऱ्यांची फार अडचण होते.

आधी नियम समजून घ्या. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येच (वेब पानांच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीत) लिहिलं होतं, की फॉर्ममध्ये एका ओळीचा एकच टेक्स्ट इनपुट असेल तर एंटर म्हणजे सबमिट. आज सबमिट बटण असेल तर फील्ड कितीही असोत, एंटर दाबल्यावर ब्राउझर कोडमधल्या पहिल्या सबमिट बटणावर क्लिक करतो. इथेच गोची होते. बटणाच्या कोडमध्ये टाइप (बटणाचा प्रकार) दिला नाही तर ते सबमिटच धरलं जातं. 'रद्द करा' हे बटण कोडमध्ये आधी असेल, तर एंटर थेट रद्द करतो. अशा बटणाला टाइप 'बटन' द्याच.

स्कॅनरसाठी फक्त बारकोडच्या फील्डवर कीडाउन लावा: एंटर आला की प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारं फंक्शन), आणि फोकस बॅच नंबरवर. बाकीच्या फील्डचं काय, ते काउंटरवरच्या माणसाला विचारा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या हाताला एंटर म्हणजे पुढचं फील्ड हीच सवय असते, आणि मला ती सवय जपणं योग्य वाटतं.

मराठी फोनेटिक टायपिंगमध्ये शब्द निवडायलाही एंटर लागू शकतो. म्हणून इव्हेंटचं 'इझकंपोझिंग' (शब्द अजून जुळवला जातोय हे सांगणारी खूण) ट्रू असेल तर त्या एंटरला हात लावू नका.

आणि कोडमधून फॉर्म पाठवायचा असेल तर 'रिक्वेस्टसबमिट' वापरा. नुसतं 'सबमिट' हे फंक्शन बोलावलंत तर व्हॅलिडेशनही (भरलेल्या माहितीची तपासणी) होत नाही आणि सबमिट इव्हेंटही येत नाही. रिकाम्या एक्स्पायरीची नोंद सरळ सर्व्हरकडे जाते.